कुरुंदवाडचा पहिला मान

दुधात पाणी किती आहे हे संयोगिता नुसत्या वासावरून सांगते, अशी तिची पंचक्रोशीत ख्याती होती. ती साफ खोटी होती. ती बिचारी यंत्रात दूध घालायची आणि यंत्र सांगेल तो आकडा वाचायची. पण दूध संघाच्या तपासणीच्या खोलीत बसणाऱ्या बाईबद्दल काहीतरी दंतकथा रचल्याशिवाय गवळ्यांना चैन पडत नाही. त्या ख्यातीपायीच कोल्हापूरच्या हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळानं तिला, लायसन मिळून वर्ष व्हायच्या आत, स्पर्धेची तपासनीस करून टाकलं. “जी बाई दुधातलं पाणी सोडत नाही, ती हवेतलं पाणी काय सोडणार?” असं मंडळाचे अध्यक्ष त्र्यंबक सर म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं की माणसं मनापासून टाळ्या वाजवतात.

हौशी रेडिओ हे एक गोड वेड आहे. घरी एक सेट ठेवायचा, गच्चीवर तार ताणायची, सरकारची परीक्षा द्यायची, की सरकार तुम्हाला एक कॉलसाइन देतं. कॉलसाइन म्हणजे अक्षरं-आकड्यांचं हवेतलं नाव. तसं नाव जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुणाचं नसतं. मग खिशात मोबाइल असताना ही माणसं माइकपुढं बसून शेजारच्या गावातल्या माणसाला तासभर हाका मारतात, आणि तो सापडला की लॉटरी लागल्यासारखी हरखतात.

मंडळाची स्पर्धा दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी असायची. जास्तीत जास्त जणांशी हवेतून बोलायचं. बोलताना आपली कॉलसाइन सांगायची आणि एक खूण सांगायची. खूण म्हणजे प्रत्येकानं आपल्या मनानं निवडलेला एक शब्द. कुणी ‘मिसळ’ ठेवी, कुणी ‘जोतिबा’. दोघांनीही एकमेकांची कॉलसाइन आणि खूण लिहून घ्यायची आणि याद्या तपासनिसाकडं पाठवायच्या. तपासनीस दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघणार. यानं त्याला लिहिलंय, त्यानं याला लिहिलंय, खूण जुळतेय, तरच ती भेट धरायची. एकतर्फी प्रेम आणि एकतर्फी कॉलसाइन, दोन्ही धरत नाहीत, असं त्र्यंबक सर दरवर्षी न चुकता म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

यात एक रीत होती. स्पर्धा सुरू झाली की पहिला मान कुरुंदवाडच्या गुंडूआण्णांचा. आण्णा कृष्णाकाठचे वांगीवाले शेतकरी. मोठ्या पुरात कुरुंदवाडला पाण्याचा वेढा पडला, सगळे फोन मुके झाले, तेव्हा आण्णांनी ट्रॅक्टरची बॅटरी गच्चीवर चढवून सेट चालू ठेवला होता. कोण कुठल्या माळ्यावर अडकलंय, कुणाला इन्सुलिन पाहिजे, कुणाची म्हैस व्यायला झालीय, सगळी खबर त्यांच्या तोंडून कोल्हापूरला पोचत होती. तेव्हापासून आधी त्यांच्याशी बोलायचं आणि मग आपसांत. मंडळाचा नियमही त्यांचाच होता: ऐकलं तेवढंच लिहायचं. आण्णा पक्के माळकरी. त्यांच्या कॉलसाइनचं शेवटचं अक्षर डब्ल्यू, आणि रेडिओच्या जागतिक भाषेत डब्ल्यूला ‘व्हिस्की’ म्हणतात. गळ्यात माळ असताना तो शब्द उच्चारायचा नाही म्हणून आण्णा ‘वारणा’ म्हणत. सगळ्या जगात व्हिस्कीची वारणा करणारं एवढं एकच स्टेशन असेल. त्यांची खूण वर्षानुवर्षं ठरलेली होती, ‘वांगी’.

यंदा सगळ्यांच्या याद्या आल्या. झाडून प्रत्येकाच्या यादीत पहिली ओळ कुरुंदवाड, खूण वांगी. फक्त कुरुंदवाडची यादी आली नाही.

संयोगिताला हे खटकलं, कारण स्पर्धेच्या सकाळी तीही आपल्या छोट्या सेटवर कान लावून बसली होती, आणि तिला आण्णा अजिबात ऐकू आले नव्हते. तेव्हा तिनं आपल्या सेटला दोष दिला होता. तिनं आण्णांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. यात नवल नव्हतं. फोनवर फक्त कर्ज देणाऱ्या पोरी बोलतात असं आण्णांचं मत असल्यानं तो फोन बहुधा तांदळाच्या डब्यात असायचा. पण श्रावणात आण्णांची बायको बनाबाई गेली होती. आता त्या घरात म्हातारा एकटाच होता.

ती आधी त्र्यंबक सरांकडं गेली. सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, बोलणं धुतलेल्या धोतरासारखं स्वच्छ.

“अगं, पाठवायची राहिली असेल यादी. दुःखात आहेत ते. तू धरून टाक.”

“सर, तुमी स्वतः आण्णांचा आवाज ऐकलासा?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ऐकला. म्हणजे तत्त्वतः ऐकला.”

“तत्त्वतः म्हंजे?”

“म्हणजे शिरोलीच्या अमरसिंहांनी त्यांना उत्तर दिलं, ते मी अगदी स्पष्ट ऐकलं.”

तिनं मंडळातल्या हुपरीच्या पृथ्वीराजला फोन केला. मागं पैंजणांना पॉलिश करणारं यंत्र घरघरत होतं. “ताई, खरं सांगू का? मला न्हाय आलं ऐकू. पण अमरसिंहदादा बोलले की त्यांच्यासंगं! मला वाटलं माझंच मशीन गंडलंय.”

“मग खूण ‘वांगी’ कुठनं लिवलास?”

“आण्णांचं वांगीच असतंय की!”

मग तिनं एकेकाला गाठलं. जयसिंगपूर, इचलकरंजी, राजारामपुरी, सगळीकडं एकच उत्तर. मला आलं नाही, पण अमरसिंहांना आलं होतं. दूध असं असतं तर तिनं कॅन परत पाठवला असता. ती दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून स्कूटरवरनं थेट शिरोली एमआयडीसीत गेली.

अमरसिंहांची तिथं फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना होता. माणूस दिलदार, पण आवाज असा की त्याला रेडिओची गरजच काय, असा प्रश्न पडावा. शिरोलीतून नुसती हाक मारली असती तरी पंचगंगेच्या पुलापर्यंत पोचली असती. दोन वर्षं लागोपाठ स्पर्धेची ढाल त्यांनी जिंकली होती, आणि तिसऱ्यांदा जिंकली की ती कायमची घरात. त्यासाठी ऑफिसात काचेचं कपाट करून घेतलेलं होतं. आत दिवासुद्धा बसवला होता.

“या, तपासनीस बाई! कपाट बघितलं का?”

“दादा, आण्णांशी काय बोलणं झालं तुमचं?”

“काय म्हंजे? नमस्कार झाला, खूण घेतली, फाइव्ह नाइन दिलं.” फाइव्ह नाइन म्हणजे आवाज एकदम खणखणीत असल्याचं प्रशस्तिपत्र.

“तब्येत कशी हाय म्हणाले?”

अमरसिंह गप्प झाले. ते गप्प झाल्यावर भट्टीचा आवाज ऐकू यायला लागला.

“हे बघ,” ते खालच्या पट्टीत म्हणाले, म्हणजे साधारण माणसाच्या वरच्या पट्टीत, “भट्टी चालू असली की माझ्या सेटवर नुस्ती खरखर असत्या. मला कुत्र्याचं भुंकणं बी ऐकू आलं नसतं. पण मला वाटलं, बाकीच्यास्नी येत असणार की. माझ्यापायी मान कशाला अडवायचा? लग्नात पावणा मांडवात दिसला न्हाय म्हणून त्येचं नाव पत्रिकेतनं खोडतोय व्हय आपण?”

“खोडत न्हाय. पण त्यो जेवून गेला असं बी सांगत न्हाय.”

हे ऐकता ऐकता अमरसिंहांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिरलं, तेच जे संयोगिताच्या डोक्यात कालपासून फिरत होतं. सगळ्यांनी लिहिलं होतं, ऐकलं कुणीच नव्हतं. दसरा होऊन गेला, दिवाळी तोंडावर आली, आणि तो म्हातारा धड आहे की नाही हे अख्ख्या मंडळात एकालाही ठाऊक नव्हतं. प्रत्येक जण मान देऊन मोकळा झाला होता.

“जातो मी कुरुंदवाडला,” संयोगिता म्हणाली. कोल्हापूरच्या बाया ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘जातो’ म्हणतात, आणि निघतातही तशाच.

“थांब, गाडी काढतो.”

“नको. तुमी सेटवर बसा. समद्यास्नी बसवा. मी सांगितल्याबिगर उठायचं न्हाय.”

सगळ्या वाटेनं तिच्या डोळ्यांपुढं नको नको ते येत होतं. म्हातारा पडला असेल. पाय मोडला असेल. त्याहून वाईटही तिच्या मनात येत होतं आणि ती स्कूटरचा कान आणखी पिळत होती.

आण्णा दारात बसून वांगी निवडत होते. बारकी एकीकडं, मोठी एकीकडं, किडकी टोपलीबाहेर. अंगात पांढराशुभ्र शर्ट, डोक्याला टोपी, तब्येत ठणठणीत. संयोगिताला इतकं बरं वाटलं की आधी रडावं की आधी भांडावं हे तिला कळेना.

“आण्णा, फोन का उचलत न्हाईसा?”

“कुणाचा उचलू?” आण्णांनी वर बघितलंसुद्धा नाही. “च्या घे आन् जा. ऊन व्हतंय.”

आत सेटची जागा रिकामी होती. कोपऱ्यात एक मोठं गाठोडं होतं, जुन्या इरकली लुगड्यात बांधलेलं. लुगडं बनाबाईंचं असणार. गाठोड्यातनं माइकची वायर बाहेर लोंबत होती.

“ह्ये काय?”

“भंगारवाला यायचाय सांजच्याला. न्हेऊ दे त्येला.”

“सेट भंगारात? आण्णा, या सेटनं पुरात अख्खं गाव—”

“गाव ऱ्हायलं जाग्यावर. त्येला आता माझी गरज न्हाय, आन् तुमच्या मंडळाला बी न्हाय.” आण्णांनी एक किडकं वांगं असं फेकलं की रस्त्यावरचं कुत्रं दचकून उठलं. “मला तोंडानं सांगायचं की, आण्णा, तुमचं आता पुरं झालं. पर असं चारचौघांत करायचं व्हय?”

“काय केलं?”

आण्णांनी टोपलीतलं आणखी एक वांगं उचललं. मग बोलले ते वांग्यांनाच सांगितल्यासारखं.

“औंदा माझी खूण वांगी न्हवती, पोरी. मी खूण बदलली. ‘बनाबाई’ ठेवली.”

संयोगिता उंबऱ्यावरच खाली बसली.

“एवढा संसार झाला, पर मी तिला कधी नावानं हाक मारली न्हाय. आमच्यात कुठं रीत हाय? ‘आगं’ म्हणलं की ती यायची. मी सेटवर बसलो की म्हणायची, साऱ्या दुनियेला नावं घिऊन हाका मारतासा, मला मातूर ‘आगं’. म्हणलं, आता तरी घ्यावं. हवेत घ्यावं, समद्यास्नी ऐकू जाईल असं. ती गेल्यापास्नं सेट लावलाच न्हवता, त्या दिशी पैल्यांदा लावला. कॉलसाइन दिली, नाव घेतलं, आन् ह्यो अमऱ्या मधीच वराडला, ‘आलं आलं आण्णा, वांगी, फाइव्ह नाइन, चला पुढं!’ मी म्हणलं, वांगी न्हवं रं, बनाबाई. त्येच्या मागनं सर बी वांगी, हुपरीचं पोरगं बी वांगी. समदी एकजात वांगी. मी सांगतोय, सांगतोय, आन् कुणी तिचं नाव घ्यायला तयार न्हाय. मेलेल्या बाईचं नाव जड झालं समद्यास्नी.”

संयोगिताला अमरसिंहांचा असा काही राग आला की तो समोर असता तर तिनं त्याला त्याच्याच काचेच्या कपाटात कोंडला असता.

“आण्णा,” ती म्हणाली, “तुमचा आवाज कुणालाच गेला न्हाय.”

“खोटं बोलू नगंस. मग अमऱ्या बोलला कुणाशी?”

“हवेशी.”

तिनं सगळं सांगितलं. भट्टीची खरखर सांगितली, सरांचं ‘तत्त्वतः’ सांगितलं, हुपरीचं गंडलेलं मशीन सांगितलं. आण्णा ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. संयोगिताला वाटलं, आता म्हातारा विरघळणार, डोळे पुसणार. आण्णा ताडकन उठले.

“म्हंजे न ऐकताच लिवलं? माझ्या मंडळात? समद्यांनी?”

“व्हय.”

“काट! एकूणएक काट! ढाल औंदा कुणालाच न्हाय!” आण्णांच्या आवाजानं शेजारची बायडाबाई दार उघडून बघायला आली आणि आण्णांना ओरडताना बघून समाधानानं परत गेली. श्रावणापासून तो आवाज तिनं ऐकला नव्हता. “ऐकलं तेवढंच लिवायचं, एवढी एक गोष्ट शिकवली मी ह्यास्नी! सोड ती गाठ!”

गाठ सुटली. सेट टेबलावर चढला. संयोगिता जिना चढून गच्चीवर गेली आणि तिला सगळा उलगडा झाला. अँटेनाची तार जोडाच्या जागी तुटून शेजारच्या नारळावर लोंबत होती आणि कठड्यावर दोन वानरं मालकासारखी बसली होती. अशा तुटक्या तारेवर जवळची स्टेशनं ऐकू येतात, आपला आवाज मात्र घराबाहेर पडत नाही. अख्ख्या तालुक्यातल्या सेटचे बिघाड काढणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं, कारण त्याला उत्तरं मिळाली होती. उत्तर देणारी माणसं असताना तारेवर संशय कोण घेणार?

“आण्णा, तार तुटलीया! वानरं हाईत हितं!”

खालून आण्णांचा आवाज आला, हळू. “कठड्याला काठी असंल बघ. तिची हाय. पापड राखायला बसायची, तवा तार बी राखायची.”

काठी होती. संयोगितानं वानरं हाकलली, तार ओढून घेतली, टोकं सुरीनं खरवडून पीळ घातला आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. मग खाली येऊन तिनं शिरोलीला फोन केला आणि एवढंच म्हणाली, “ऐका आता.”

आण्णांनी टोपी सरळ केली, माइक हातात घेतला आणि कॉलसाइन दिली. शेवटी ठासून ‘वारणा’ म्हणाले.

सगळे एकदम तुटून पडले. आठवडी बाजार फुटावा तसा गलका स्पीकरमधून बाहेर आला. कोण कुणाला काय म्हणतंय काही कळेना.

“गप!” आण्णा गरजले. हवा गप्प झाली. “रांगेनं यायचं. माझी खूण मी सांगणार, तुमी परत म्हणून दावायची. ज्याला ऐकू आलं न्हाय त्येनं सरळ न्हाय म्हणायचं. वशिला चालणार न्हाय. खूण हाय, बनाबाई.”

पहिले त्र्यंबक सर आले. “बनाबाई. स्पष्ट ऐकलं, गुंडूआण्णा. तत्त्वतः नाही, कानांनी ऐकलं. आम्हाला क्षमा करा.”

“फाइव्ह नाइन, सर. फुडं.”

हुपरीचा पृथ्वीराज आला. त्यानं पॉलिशचं यंत्र बंद केलं होतं. “बनाबाई,” तो म्हणाला, “आण्णा, काकींनी मला एकदा वांग्याचं भरीत घातलं होतं, तसलं परत कुठं खाल्लं न्हाय बघा.” आण्णांनी मान हलवली. माइकपुढं मान हलवलेली दिसत नाही हे ते विसरले होते. मग जयसिंगपूर आलं, इचलकरंजी आली, राजारामपुरी आली. कुणी बनाबाई म्हणालं, कुणी बनाकाकी म्हणालं, त्याला आण्णांनी दरडावलं की खूण आहे तशी म्हण, नाती नंतर लाव. संयोगिता समोर बसून एकेक नाव लिहून घेत होती. आयुष्यात कधी न मारलेल्या हाका आज पंचगंगेपासून कृष्णेपर्यंत फिरत होत्या.

सगळ्यात शेवटी अमरसिंहांचा नंबर लागला. आण्णांनी त्यांना मुद्दाम मागं ठेवलं होतं.

“आण्णा, भट्टी बंद केलीया,” अमरसिंह म्हणाले. आज चालू पाळीत त्यांनी ती थांबवली होती, आणि फाउंड्रीवाल्यानं चालती भट्टी थांबवणं म्हणजे केवढं नुकसान हे सगळ्या हवेला माहीत होतं. “एक शब्द सोडल्याला न्हाय. ढाल गेली चुलीत. माझं चुकलं.” आणि मग त्या माणसानं आपल्या सगळ्या ताकदीनं हाक घातली, “बनाबाई!”

टेबलावरची पेन्सिल हलली. खिडकीची काच थरारली. बायडाबाई पुन्हा दारात आली. संयोगितानं यादीत फाइव्ह नाइन लिहायला पेन टेकवलं. याहून खणखणीत आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

आण्णांनी माइक तोंडाजवळ नेला. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

“ऐकू आलं न्हाय,” ते म्हणाले. “परत सांग.”

तपासनीस बाईनं त्यांच्याकडं बघितलं, पेन खाली ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली.